जुन्या फोर बाय फोरमधली ‘ठक्क’ कुठून येते?

गाडी घेतली तेव्हा आवाज नव्हता, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे आवाज होता, मला ऐकू आला नव्हता. विकणाऱ्याने टेस्ट ड्राइव्हला एसीचा पंखा पूर्ण सोडला होता आणि गाणी लावली होती, मीही खुशीत होतो. गाडी घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटपाशी थांबलो. गाडी पूर्ण थांबली आणि क्षणभराने मागून ‘ठक्क’. कुणीतरी येऊन धडकलं असं वाटून मी खाली उतरून पाहिलं. मागे कुत्रंसुद्धा नव्हतं.

पुढच्या आठ महिन्यांत मी शॉक ॲब्झॉर्बर बदलले, इंजिनची फाउंडेशनं (खालची रबरं) बदलली. एका गॅरेजने डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधली गिअरपेटी) उघडून त्यातल्या क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरांमधला प्ले, म्हणजे ढिलाई, ‘टाइट’ करून दिली. ठक्क होती तिथेच राहिली, वर साठ-सत्तरच्या स्पीडला एक बारीक हुंकार सुरू झाला, जो आधी नव्हता. शेवटी दोष निघाला मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) स्लिप जॉइंटमध्ये, म्हणजे सरकत्या सांध्यात. तो कोरडा पडला होता. ग्रीसगनचे दहा-बारा दट्टे मारले आणि ठक्क गेली. हुंकार मात्र आजही आहे, कारण घासून एकमेकांना सरावलेले दात एकदा हलवले की परत तसे बसत नाहीत.

नुकतीच जुनी फोर बाय फोर घेतलेल्यांसाठी, किंवा घ्यायला निघालेल्यांसाठी, हे लिहितोय. जिप्सी, जुनी थार, बोलेरो किंवा स्कॉर्पिओची फोर बाय फोर अशा चॅसिसवाल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत, म्हणजे ज्यांत पुढची चाकं लिव्हर किंवा बटणाने गरजेपुरती जोडली जातात. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना यातलं बरंचसं लागू आहे, सगळं नाही.

सोबत काय हवं

- मजबूत जॅक आणि किमान दोन घोड्या (उचललेल्या गाडीचं वजन पेलणारे स्टँड)
- चाकांना लावायला लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड
- लांब टॉमी (लोखंडी दांडा) किंवा छोटी पहार
- ग्रीसगन, पाना-सॉकेटचा संच, टॉर्च
- पांढरा ऑइल पेंट किंवा पेंट मार्कर
- शिंप्याची मोजपट्टी (का, ते पुढे येईल)
- वही, आणि गाडीत बसायला एक विश्वासू माणूस
- गाडीचं ओनर्स मॅन्युअल आणि जुनी सर्व्हिस बिलं

बिलांकडे दुर्लक्ष करू नका. ‘क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) बदलला’ अशी नोंद दोन वर्षांत तीनदा दिसली, तर क्रॉस बिचारा निर्दोष आहे, त्याला खाणारं दुसरंच काहीतरी आहे. गाडी अजून घ्यायची असेल तर आरसीवरचं मॉडेल आणि समोरची गाडी जुळते का तेही पाहा. टू व्हील ड्राइव्ह गाडीला नंतर फोर बाय फोरचे अवयव बसवलेले असतील, तर शाफ्टची लांबी आणि कोन मूळचे नसतात. तिथे आवाजाचा शोध घेण्याआधी कागदांचा घ्यावा लागतो.

१. आवाज कधी येतो ते आधी लिहून काढा

नवखा माणूस विचारतो, आवाज कुठून येतोय? चॅसिस हा लोखंडाचा एक लांब सांगाडा आहे. मागच्या ॲक्सलवरचा ठोका ड्रायव्हरच्या पायाखाली ऐकू येतो आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) ठोका डिकीत. कान फसवतो, वेळ फसवत नाही. म्हणून आठवडाभर वहीत फक्त ‘कधी’ लिहा.

गाडी उचलताना, क्लच सोडल्यावर एकदाच? ॲक्सिलरेटरवरून पाय काढला-दाबला की? थांबल्यानंतर? ब्रेक मारतानाच? फक्त खड्ड्यात? फक्त वळताना? फोर बाय फोर टाकल्यावरच? की स्पीडबरोबर वाढत जाणारी लागोपाठ धप-धप-धप?

शेवटच्या प्रकारात थोडं गणित कामाला येतं. २३५/७० आर १६ टायरचा परीघ साधारण २.३ मीटर. म्हणजे ताशी १० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ७२ फेरे घेतं, बहुतेक आपल्या नाडीइतके. प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी डिफरन्शियलच्या रेशोइतका जास्त फिरतो, या गाड्यांत बहुधा चारपटीच्या आसपास. रिकाम्या रस्त्यावर ताशी १० ने जा आणि ठोके मोजा. नाडीच्या चालीने पडत असतील तर संशय टायर, चाक, ॲक्सल किंवा क्राऊनच्या एखाद्या दातावर. त्याच्या चौपट वेगाने, खडखडल्यासारखे पडत असतील तर शाफ्ट, क्रॉस किंवा पिनियनवर. ही पाच मिनिटांची मोजणी मी आधी केली असती तर... असो.

चाचणीच्या वेळी खिडक्या उघड्या, पंखा बंद, गाणी बंद. एका बाजूला लांब भिंत असलेला रस्ता मिळाला तर उत्तम, आवाज आपटून परत येतो.

२. फुकटातले संशयित

डिकीतला जॅक, सैल स्टेपनी, चॅसिसला लागणारा सायलेन्सर, सुटा बॅटरी क्लॅम्प. हसू नका, माझ्या ओळखीतल्या एकाने टूलकिटच्या आवाजापायी दोन गॅरेजं पालथी घातली.

मग व्हीलनट. सगळे पान्याने तपासा. आधीच्या मालकाने बाजारातले अलॉय लावले असतील तर नटाची सीट रिमशी जुळते का तेही. त्यानंतर टायर: हाताने चाळून पाहा, फुगवटा किंवा एका जागी खाल्लेला भाग लागतोय का. महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला चपटा डाग पडतो आणि तो हुबेहूब ड्राइव्हलाइनसारखा (शाफ्ट, क्रॉस, डिफरन्शियल यांच्यासारखा) धपधपतो. दहा-वीस किलोमीटर चालून टायर तापल्यावर आवाज कमी झाला, तर बहुधा तोच.

३. खाली शिरण्याआधी

टू व्हील ड्राइव्ह गाडीतल्या सवयी इथे जिवावर बेततात, म्हणून हे घाई न करता वाचा.

ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गाडी गिअरमध्ये असूनही मोकळी असते, गिअर तिला धरून ठेवत नाही. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. तिथे शाफ्ट सोडला की हँडब्रेकही गेला. आणि मागचं एकच चाक जॅकवर घेऊन इंजिन चालू करून गिअर टाकण्याचा प्रकार कधीच करू नका. डिफरन्शियलमध्ये लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग) असेल किंवा फोर बाय फोर अर्धवट लागलेलं असेल, तर जमिनीवरची चाकं गाडीला जॅकवरून ढकलून देतात.

सपाट, पक्की जमीन. चाकांना पुढून-मागून ठोकळे. जॅक फक्त उचलायला, वजन घोड्यांवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी शिरत असेल, तो कितीही जुना मिस्त्री असो, त्याला बाहेर काढा.

४. शाफ्ट, क्रॉस आणि स्लिप जॉइंट

माझ्या अनुभवात गाडी उचलताना आणि पाय सोडताना येणाऱ्या ठोक्यांचा मोठा वाटा इथेच असतो, म्हणून इथे वेळ काढा.

रचना साधी आहे. इंजिन, गिअरबॉक्स, मग ट्रान्सफर केस. तिथून एक शाफ्ट मागे, एक पुढे. शाफ्टच्या टोकांना क्रॉस, म्हणजे अधिक चिन्हासारखा तुकडा, त्याच्या चार टोकांवर सुईएवढ्या रोलरच्या चार टोप्या. जिप्सीचं वेगळेपण असं की ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मध्ये आणखी एक आखूड शाफ्ट असतो. म्हणजे तीन शाफ्ट, सहा क्रॉस. मिस्त्री मागचे दोन बघतो आणि ‘क्रॉस ओके’ म्हणतो. त्या आखूड शाफ्टचे दोन मुद्दाम दाखवायला लावा.

तपासणी अशी. गाडी चारही चाकांवर, ठोकळे लावलेले, गिअर न्यूट्रल. क्रॉसच्या अलीकडचा योक (क्रॉसला धरणारा दुशाखी तुकडा) एका हाताने धरा, पलीकडचा दुसऱ्या हाताने, आणि उलट-सुलट पिळा. दोन्ही एकत्रच हलले पाहिजेत. त्यांच्यात केसाएवढीही हालचाल दिसली तर क्रॉस गेला. मग टॉमीने शाफ्ट हलकेच वर उचलून पाहा. टोपीच्या कडेला तांबडी, गंजाची पूड दिसतेय का? आत ग्रीस संपून सुया खात असल्याची ती खूण. अशा क्रॉसचा ठोका पडण्याआधी कित्येकदा हळू स्पीडला चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते आणि आपण ती ब्रेकवर ढकलतो.

ग्रीस भरायचं निपल (छोटं तोंड) असेल तर ग्रीस मारा, चारही टोप्यांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत. तीनच टोप्यांतून आलं तर चौथी कोरडीच राहिली असं समजा. नदी-ओढ्यातून गाडी गेली असेल तर हे काम महिना संपायची वाट न पाहता त्याच आठवड्यात करायचं.

आता स्लिप जॉइंट. मागचा ॲक्सल वर-खाली होतो तसं शाफ्टला लांब-आखूड व्हावं लागतं. त्यासाठी शाफ्टचा एक भाग दुसऱ्यात दातांवर सरकतो. हे दात कोरडे पडले की भाराखाली अडकून बसतात. ब्रेक मारताना पाट्यांवरचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगांवरचा) ॲक्सल किंचित पिळतो, गाडी थांबली की तो मूळ जागी येतो, अडकलेले दात एकदम सुटतात आणि ठक्क. म्हणूनच हा आवाज गाडी थांबल्यानंतर क्षणभराने येतो, आणि पुन्हा निघताना एकदा. ‘थांबल्यानंतर’ हा शब्द वहीत असेल तर कुणालाही डिफरन्शियलला हात लावू देऊ नका, आधी इथे ग्रीस. इथे ग्रीस कोंबूही नका. आतला रिकामा भाग ग्रीसने ठासून भरला की शाफ्टला आत सरकायला जागा उरत नाही. ग्रीस मारूनही आवाज राहिला आणि दातांत हाताला डावी-उजवी ढिलाई लागली, तर दात झिजलेत.

सापळा: शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर) आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर पांढऱ्या पेंटची खूण करा. दोन टोकांचे योक ठरलेल्या रेषेत असावे लागतात. स्लिप जॉइंट चुकीच्या दातावर बसला की ठक्क जाते आणि त्या जागी सगळी गाडी थरथरू लागते. मग कुणीतरी शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवायला सांगतं. खूण करायला अर्धा मिनिट लागतो.

५. पाटे, यू बोल्ट, फाउंडेशन

मागे पाटे असतील तर ॲक्सलला पाट्यांशी बांधणारे यू बोल्ट तपासा. सैल यू बोल्टचा ठोका क्रॉससारखाच असतो. पाट्यांमधला सेंटर बोल्ट तुटला असेल तर ॲक्सल सरकतो. ॲक्सलपासून चॅसिसवरच्या एखाद्या ठरलेल्या भोकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा, फरक लगेच कळतो. पाट्यांच्या टोकांचे बुश आणि शॅकल (लोंबती कडी) टॉमीने हलवून पाहा. यांचा आवाज खड्ड्यातही येतो, ड्राइव्हलाइनचा सहसा नाही.

फाउंडेशन म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसखालची रबरं. बॉनेट उघडा. साथीदाराने फूटब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तेच. तुम्ही बाजूला उभे राहून पाहायचं, समोर नाही. इंजिन थोडं झुकणारच. उसळी मारून परत आपटत असेल तर रबर फाटलं आहे. ट्रान्सफर केसचं रबर खालूनच दिसतं आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते तेच.

६. तेल काढून बघा

डिफरन्शियल उघडण्याआधी त्याचं तेल पाहा. आधी भरायचा बोल्ट सैल करा, मग काढायचा. तेल सगळं काढलं आणि वरचा बोल्ट गंजून जाम झालेला निघाला, तर गाडी टोइंगवरच जाते. हे माझ्यावर बेतलेलं नाही, पण माझ्या घोड्यांवर बेतलेलं आहे. शेजाऱ्याची गाडी पाच दिवस त्यांवर उभी होती.

चुंबकी बोल्टावर काळपट मऊ पेस्ट असेल तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर डिफरन्शियल उघडायलाच हवं. दुधाळ कॉफीसारखं तेल म्हणजे पाणी शिरलंय. चालून तापलेला ॲक्सल ओढ्याच्या पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) तुंबलेला असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. पावसाळ्यात कोकणात आणि ताम्हिणीकडे फिरलेली गाडी घेताना मी आता सौद्याआधीच हे पाहायला मागतो. विकणारा नाही म्हणाला तर मीही नाही म्हणतो.

नवं तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. डिफरन्शियलला बहुधा जीएल-५ दर्जाचं लागतं, तर पितळी सिंक्रोच्या (गिअर जुळवणाऱ्या कड्यांच्या) बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४. ‘गिअर ऑइल सगळं सारखंच’ म्हणणाऱ्या काउंटरवरून काही घेऊ नका.

पिनियनचा फ्लँज हाताने पिळल्यावर थोडा मोकळा फिरणं हा दोष नाही, गिअरांना तेवढी जागा लागते. तो वर-खाली किंवा आत-बाहेर हलता कामा नये. हलला तर बेअरिंग गेलं. फिरण्यातली ढिलाई ‘टाइट’ करायला कुणी सुचवलं तर माझा हुंकार आठवा.

७. फोर बाय फोर टाकल्यावरच येणारा आवाज

नवखे इथे सर्वात जास्त घाबरतात, आणि पुष्कळदा गाडीत काहीच बिघडलेलं नसतं.

पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांब वाट कापावी लागते. मातीत चाक घसरून हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून शाफ्टमध्ये पीळ भरत जातो, स्टिअरिंग जड होतं, आणि मग एखादं चाक उडी मारतं: धाड्! गाडीने ‘बांधून घेतलं’ म्हणतात ते हेच. लिव्हरही निघत नाही. अशा वेळी लिव्हरशी कुस्ती करू नका. चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर आपोआप मऊ होतो. चाचणी मैदानात, मातीवर घ्या. टेस्ट ड्राइव्हला भर रस्त्यात ‘फोर बाय फोर चालतं, बघा’ म्हणून लिव्हर ओढणाऱ्या एजंटाला तिथेच थांबवा.

सरळ रस्त्यावरही गाडी बांधून घेत असेल तर शिंप्याची मोजपट्टी काढा आणि चारही टायरचा घेर मोजा. पुढे नवे आणि मागे जुने टायर ही जुन्या गाडीतली नेहमीची जोडी. नक्षीत ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे व्यासात १०. वरच्याच मापाच्या टायरला किलोमीटरमागे साधारण सहा फेऱ्यांचा फरक पडतो. हे सहा फेरे ट्रान्सफर केसला सोसावे लागतात.

खरा बिघाड वेगळा ओळखू येतो. मातीच्या चढावर, लो रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या हळू, ताकदीच्या गिअरमध्ये), भार आला की पोटाखाली ‘खाड-खाड’ असे सुटे, जोरदार धक्के बसत असतील तर ट्रान्सफर केसची सैल पडलेली चेन दातांवरून उडी मारत असू शकते. चेन सगळ्यांत नसते, जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरांवर चालतो. तेव्हा चेन बदलायचा सल्ला ऐकण्याआधी आपल्या गाडीत ती आहे का, हे माहीत करून घ्या. नाहीतर पुढच्या चाकांचे हब (चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे भाग) अर्धवट लागतात आणि सुटतात, त्याचीही कटकट अशीच असते. हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही एकाच स्थितीत आहेत ना, एवढं आधी पाहा. पुढचा शाफ्ट गाडी टू व्हील ड्राइव्हमध्ये असताना फारसा काम करत नाही, म्हणून त्याच्या क्रॉसकडे वर्षानुवर्षं कुणी ग्रीसगन नेलेली नसते.

८. वळताना

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालताना पुढून ‘कट-कट-कट’ आली तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाजवळचा वळता सांधा). रबरी बूट फाटलाय का पाहा. मागून एकच ठोका येत असेल तर ॲक्सलची आत-बाहेर ढिलाई किंवा डिफरन्शियलमधले छोटे गिअर. काही गाड्यांत मागे मेकॅनिकल लॉकर असतो. एक चाक चिखलात फिरू लागलं की तो झटक्याने लागतो आणि चांगला दणका ऐकू येतो. तो त्याचा स्वभाव आहे.

९. तरीही सापडलं नाही तर

पुढचा शाफ्ट खुणा करून सोडा आणि टू व्हील ड्राइव्हमध्ये तोच रस्ता, त्याच स्पीडने चालवा. आवाज गेला तर शोध अर्ध्यावर आला. शाफ्ट थेट ट्रान्सफर केसच्या आत सरकणारा असेल तर तो काढल्यावर तेल बाहेर येतं, तिथे ही चाचणी नको. दोन्ही टोकांना बोल्टचे फ्लँज असतील तरच करा. सुटा शाफ्ट तारेने टांगून वाहतुकीत जाऊ नका. पूर्ण काढा.

१०. गॅरेजमध्ये

‘आवाज येतोय, बघा’ असं म्हटलं की मिस्त्री त्याला सोयीचा भाग बघतो. ‘थांबल्यानंतर येतो, खड्ड्यात येत नाही, फोर बाय फोरशी संबंध नाही, मागच्या दोन्ही क्रॉसमध्ये प्ले नाही’ असं सांगा. समोरच्याचा आवाज लगेच बदलतो. एका वेळी एकच भाग बदला, मग गाडी चालवा, मग पुढचा. तीन भाग एकदम बदलले तर कोणत्याने गुण आला ते कधीच कळत नाही.

नवा क्रॉस आणायला पुण्यात नाना पेठेत गेलात तर जुना सोबत न्या आणि टोपीचा व्यास, लांबी कॅलिपरने जुळवून घ्या. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांत माप बदललेलं असू शकतं. बसवताना सर्कलिप (टोपी अडवून धरणाऱ्या क्लिप) चारही खाचांत पूर्ण बसल्यात ना, आणि क्रॉस हाताने सगळ्या दिशांना सहज फिरतोय ना, हे शाफ्ट चढवण्याआधी स्वतः पाहा. टोपी ठोकताना आतली एखादी सुई आडवी पडली की तो क्रॉस पहिल्याच महिन्यात ठोका देतो. पाट्यांचं काम झालं असेल तर पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने आवळायचे, कारण पाटे एकमेकांवर बसले की ते हमखास सैल होतात. जुने भाग पिशवीत घालून घरी आणा, तारीख आणि किलोमीटर लिहून.